काठोकाठ

ओहोटी पावणेसातची,
म्हणून सहालाच खाजणात उतरलो.
उघाडीपासून तीस पावलं, मग डावीकडे,
जिथे तिवराला तीन वर्षं पान नाही
आणि चिखल सकाळच्या तिरप्या उन्हात
रॉकेल सांडल्यासारखा चमकतो.

स्टीलची थापी, तीनदा धुतलेली.
दर खड्ड्याला नवे हातमोजे.
तपकिरी काचेच्या सहा बाटल्या,
आणि सातवी, तिच्यात प्रयोगशाळेतलीच स्वच्छ वाळू.
तिने नुसतं सोबत यायचं, सोबत जायचं,
वाटेत कुठेही उघडायचं नाही.
शेजारणींचं वारं तिला लागलं का,
एवढंच नंतर बघतात.

भागिर्थी भुवड बांधावर उकिडवी बसून बघत होती.
कसते ती. सातबाऱ्यावर नाव दिराचं.
मी पहिली बाटली भरली, झाकण उचललं,
तशी म्हणाली,
"गळ्याशी जागा ऱ्हायली की गो."

राहिली होती.
नियमावलीत आहे ते, पान अकरावर:
वर हवा राहिली तर उडून जाणारं जे असेल ते
तिच्यात चढून बसतं,
झाकण उघडलं की निघून जातं,
आणि कागदावर माती निर्दोष सुटते.

तिच्याकडे पान अकरा नव्हतं.
खारातल्या आंब्यांची बरणी होती,
दर वैशाखात भरलेली.
बाटलीला हात न लावता तिने हवेतच दाखवलं:
बूड तळव्यावर आपटायचं, हलकं, दोनदा.
खाली बसतं. मग पुन्हा भर.
"हवा ऱ्हायली का नासतं."

नासलेलंच आहे गं ते, भागिर्थी.
ते आहे तेवढंच नासकं रहावं,
रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही,
म्हणून ही सगळी खटपट.

हे मी बोलले नाही. बाटली आपटली. दोनदा.

पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहिल्या,
शाई बर्फाच्या पाण्यात पसरते.
मग ताबापत्रक: कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता.
पहिल्या रकान्यात तिने स्वतःचं नाव काढलं,
"र्थी"पाशी थांबून, रफार कुठे द्यायचा ते आठवून.
सात वाजून वीस मिनिटं.
सहा बाटल्या, सगळी मिळून अडीच किलो,
एवढ्या जमिनीला तरी तिचं नाव लागलं.

बर्फ जेट्टीवरच्या होडेकरांकडून.
कारखान्यात एकच यंत्र चालू, तीन होड्या वाळूत उपड्या.
इस्माईलभाईंनी भुशातून अर्धी लादी ओढली,
कुणासाठी ते विचारलं, आणि स्वतःच फोडली,
बारीक, सुरमईला लागतो तसा.
पैसे पूर्ण घेतले. मला ते बरं वाटलं.
"चार अंश," मी म्हटलं, "गोठता कामा नये."
"ठाऊक हाय," ते म्हणाले. "गोठली की चव जाते."

निघताना बांधावरून हाक आली होती,
"बाटल्या तेवढ्या परत आणा हां,
झाकणं काय घट्ट बसतात!"

बाटल्या परत येत नाहीत.
चौदा दिवसांच्या आत मोजायचं ते मोजतात,
मग उरल्यासुरल्या मातीसकट
कुठेतरी दूर, वेगळ्या खड्ड्यात.
मी "हो" म्हटलं होतं.

चिपळूणच्या गाडीत कंडक्टरने खोक्याचं लगेज फाडलं.
"पापलेट?"
"माती."
त्याने वाकून वास घेतला, वास नव्हता,
चिल्लर माझ्या हातात ठेवून तो पुढे गेला.

खोका मांडीवर. कोपऱ्यातून गार पाणी
थेंब थेंब चपलेवर.
आमच्याकडे शेजारणीचं भांडं
रिकामं परत देत नाहीत.
काही नसलं घरात तर चिमूटभर साखर तरी घालतात.

घाटातल्या वळणावर बाटल्या एकमेकींना लागल्या.
एकही खुळखुळली नाही.